चौदावा प्रश्न

खंडेनवमीला आमच्या टॉवेलच्या कारखान्यात यंत्राला कुणी काम सांगत नाही. माग बंद, शिलाई मशीन बंद आणि माझे कॉम्प्युटरही बंद. त्यांना पुसायचं, विभूती लावायची, झेंडू वाहायचा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत निजू द्यायचं. मालक धोंडप्पांचा हा नियम, आणि धोंडप्पांचा नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

तर अशा दिवशी, हस्ताचा पाऊस पत्र्यावर धिंगाणा घालत असताना, मी जमिनीवर मांडी घालून कॉम्प्युटरला विभूतीचे तीन पट्टे ओढत होते... आणि दारातून आवाज आला, "इथं लॅपटॉप चार्ज करता येईल का?"

वर पाहिलं. भिजलेला शर्ट, छातीशी पिशवीत गुंडाळलेला लॅपटॉप, चष्म्यावर थेंब. थेंबांमुळं त्याला मी दिसत नसावे. मला मात्र तो जरा जास्तच नीट दिसला.

"आज नाही," मी म्हटलं. "आज यंत्रांची सुट्टी आहे."

"हा लॅपटॉप अक्कलकोटहून आलाय हो, मॅडम. पाहुणा आहे," तो म्हणाला.

"मग पाहुण्यालाही विभूती लावू की. पण काम सांगायचं नाही."

त्यानं खरंच लॅपटॉप पुढं केला. मी तीन पट्टे ओढले, वर एक झेंडू ठेवला. तो चष्मा पुसून लॅपटॉपकडं बघत राहिला, मग माझ्याकडं... आणि मग घाईघाईनं पुन्हा लॅपटॉपकडं.

त्याचं नाव गुरुशांत. विद्यापीठात पीएच.डी. करत होता. संस्था पर्यावरणपूरक माहिती-तंत्रज्ञान का स्वीकारतात, हा त्याचा विषय. सोलापुरातल्या साठ संस्थांचे फॉर्म त्याला भरून घ्यायचे होते, आमचा साठावा. मी दाक्षायणी, वळसंगहून रोज ये-जा करणारी, कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागाची प्रमुख. विभागात मी एकटीच असल्यामुळं प्रमुख होणं फारसं जड गेलं नव्हतं.

लॅपटॉप निजलेला, म्हणून फॉर्म कागदावर भरला. तेरा प्रश्न झरझर झाले. होय, मोठे कॉम्प्युटर काढून कमी विजेवर चालणारे, जेवणाच्या डब्याएवढे आणले. होय, सर्व्हरची खोली बंद केली. होय, छपाई निम्म्यावर आणली, आणि जुनी यंत्रं भंगारवाल्याला न देता रीतसर मोडीत काढणाऱ्यांकडं दिली. मग आला चौदावा प्रश्न — हे सगळं का केलं? पुढं पाच चौकोन. खर्च वाचावा म्हणून, कायद्यामुळं, गिऱ्हाइकाच्या अटीमुळं, इतरांनी केलं म्हणून, की मालकाच्या धोरणामुळं. खूण एकालाच करायची.

पलीकडच्या टेबलावरून हिशेबनीस सयाजीनं सांगितलं की परदेशी गिऱ्हाइकानं तसं लिहून मागितलंय. आतून धोंडप्पांनी विजेचं बिल म्हणून सांगितलं. दोन्ही खरं होतं, पण दोन्ही नंतरचं. पहिलं कारण निराळंच होतं, आणि त्याला चौकोनच नव्हता. ते मी तेव्हाच सांगू शकले असते... पण चष्म्यावरचे ते थेंब मध्ये आले.

"विचार करून सांगते," मी म्हटलं. "शनिवारी या."

तो शनिवारी आला. मी चौदावा प्रश्न रिकामाच ठेवला. पुढच्या शनिवारी आला, तेव्हाही. दिवाळी झाली, थंडी पडली, आणि माझा विचार काही संपेना. तो आला की मी डबा उघडायची. कडक भाकरी आणि शेंगाचटणी. भाकरी मोडताना कटकन आवाज व्हायचा आणि आम्ही दोघंही उगाच हसायचो. तो लाजला की कानडीत बोलायचा. माझ्या घरीही आप्पा, म्हणजे वडील, आणि सगळेच कानडी बोलतात, हे मी त्याला तिसऱ्या शनिवारी सांगितलं. तोवर त्यानं स्वतःशी पुटपुटलेलं सगळं मी ऐकून घेतलं होतं. "डोळे फार छान आहेत" हेसुद्धा.

शिलाई विभागातल्या म्हाळसाबाई पाणी प्यायला येऊन आम्हाला बघून जायच्या. एकदा म्हणाल्या, "लई अवघड परीक्षा हाय वाटतं तुमची, बाई."

मग डिसेंबरात सयाजीनं सहज बोलता बोलता सांगितलं. गुरुशांतला धारवाडच्या कॉलेजात नोकरी मिळतेय, पण वर्ष संपायच्या आत प्रबंध द्यायला हवा. एकोणसाठ फॉर्म तयार आहेत, तो एका फॉर्मसाठी अडलाय.

त्याला थांबवावं म्हणून मी जागा रिकामी ठेवत होते, आणि तीच रिकामी जागा त्याची नोकरी घालवणार होती. भरली तर तो धारवाडला जाणार, न भरली तर त्याचं नुकसान. त्या दिवशी मी डबा उघडलाच नाही. संध्याकाळी 'खर्च वाचावा म्हणून' या चौकोनात खूण केली, फॉर्म लिफाफ्यात घातला आणि सयाजीच्या हाती विद्यापीठात पाठवून दिला. घरी जाताना बसच्या खिडकीला डोकं टेकून मी रडले. मला तो आवडला होता, यात आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

पुढचे तीन शनिवार कुणी आलं नाही.

संक्रांतीआधीचा शनिवार. शहर सिद्धेश्वरांच्या यात्रेच्या तयारीत. मी खिडकीतून येणाऱ्या उन्हात पाय सोडून बसले होते, आणि दारात तोच आवाज.

"आज चार्जिंग मिळेल का?"

मी उठलेच नाही. त्यानं समोर बसून बॅगेतून माझा फॉर्म काढला.

"हे खोटं आहे," तो म्हणाला. "फॉर्म मिळाल्यावर म्हाळसाबाईंना फाटकाशी गाठलं, त्यांनी मला खिडकीचं सांगितलं."

मी मान खाली घातली. खिडकीचं... तेच ते पहिलं कारण. सर्व्हरच्या एसीची गरम हवा बरोबर शिलाई विभागाच्या खिडकीवर यायची, म्हणून बायका ती बारा महिने बंद ठेवायच्या. आदल्या वर्षीच्या खंडेनवमीला सगळी यंत्रं निजली, त्या वर्षी पहिल्यांदाच सर्व्हरही निजला, आणि प्रसादाला जमलेल्या बायकांनी कित्येक वर्षांनी ती खिडकी उघडली. म्हाळसाबाई वाऱ्यात तोंड धरून तशाच उभ्या राहिल्या. ते बघून मी धोंडप्पांकडं गेले होते. बिलाचा आणि गिऱ्हाइकाचा विचार त्यानंतर आला.

"तुमच्या चौकोनांत खिडकी नव्हती," मी म्हटलं.

"नव्हती. म्हणून सहावा चौकोन काढला, कुणाचा तरी त्रास बघवला नाही म्हणून. आणि बाकीच्या एकोणसाठही संस्थांत पुन्हा फिरलो. अकरा जणांनी तिथं खूण केली. हॉस्पिटलातल्या एका मॅडमना बोलता बोलता रडू आलं... तीन शनिवार त्यातच गेले."

"आणि धारवाड?"

"प्रबंधाला मुदत वाढवून मिळाली, जूनपासून येतो म्हणून कळवलंय. जूनच्या आत बरंच काही उरकता येतं." एवढं बोलून तो लाल झाला, आणि पुढचं कानडीत काहीतरी म्हणाला. आता मला कानडी येतं हे त्याला माहीत होतं, तरी म्हणाला.

मग त्यानं आणखी एक कागद पुढं सरकवला. हातानं लिहिलेला, एकच प्रश्न. संशोधक दर शनिवारी का येत होता? माहितीसाठी, चटणीसाठी, सावलीसाठी... पाच चौकोन होते आणि पाचांवरही त्यानं स्वतःच काट मारली होती. सहावा रिकामा. त्याखाली माझं नाव आणि पत्ता लिहायला जागा.

"मॅडम नाही म्हणत आता," तो हळूच म्हणाला. "दाक्षायणी... हे तरी भराल?"

मी पेन उचललं. खिडकीतून शिलाई मशीनचा आवाज येत होता आणि तो एकाएकी थांबला, म्हणजे पलीकडं म्हाळसाबाई कान लावून उभ्या होत्या. मी पेन पुन्हा खाली ठेवलं आणि सहावा चौकोन तसाच रिकामा ठेवून कागद त्याला परत दिला.

त्याचा चेहरा उतरला. मला हसू आवरेना.

"आमच्याकडं असल्या प्रश्नाचं उत्तर कारखान्यात देत नाहीत," मी म्हटलं. "घरी येऊन विचारावं लागतं. आप्पांना."

त्यानं माझ्याकडं पाहिलं, आणि या वेळी नजर लॅपटॉपकडं वळवली नाही. मग पेन घेतलं, पत्त्याच्या जागी सावकाश 'वळसंग' लिहिलं, कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि विचारलं, "रविवारी घरी असतात का आप्पा?"