पॅनेल नंबर एकेचाळीस

फोन आला तेव्हा तपासनीस डबा उघडून बसला होता. दवाखान्याच्या नव्या इमारतीच्या पाचव्या मजल्यावरून टाइल्सचं पॅनेल निखळलं होतं. खाली एक टपालवाला सापडला. खांद्याचं हाड मोडलं आणि माणूस अजून शुद्धीवर नव्हता.

तपासनीसाने डबा बंद केला. सव्वीस वर्षं असल्या अपघातांचे अहवाल लिहून त्याला एक गोष्ट पाठ झाली होती. पडायचं ते नेमकं जेवणाच्या वेळेला पडतं.

इमारत चार महिन्यांची. पश्चिमेची अख्खी भिंत निळ्या पॅनेलांची, त्यात दात पडावा तशी एक रिकामी चौकट. खाली नुसता चुरा. एकच कोपरा शाबूत होता, त्यावर सहा टाइल्स अजून चिकटलेल्या. पाठीवर स्क्रूने बसवलेला पत्र्याचा बिल्ला: एकेचाळीस.

त्याने कोपऱ्यावरून तळवा फिरवला. टाइल्सच्या कडा हाताला लागल्या. मग भिंतीशी जाऊन तळमजल्याच्या पॅनेलावरून फिरवला. तुळतुळीत.

"आता कारखाना," तो स्वतःशीच म्हणाला. गुडघा आधीच कुरकुरत होता.

कारखान्याचा मालक दारातच भेटला. शेजारी डिझायनर, पस्तिशीचा, इस्त्रीच्या शर्टात. दगडी भिंतीसारखं दिसणारं आणि एका माणसाला उचलता येणारं पॅनेल ही त्याचीच करामत. आत मधाच्या पोळ्यासारखा जाळीदार पत्रा, वर पातळ टाइल.

"डिझाइनमध्ये खोट नाही साहेब," मालक म्हणाला. "टाइल चिकटवायचं केमिकल कच्चं कालवलं गेलं. ते काम मावशीचं. केस झाली तर तिच्यावर होईल."

"मावशी कोण?"

"माझी आई," डिझायनर म्हणाला. "पण आई आहे म्हणून मी तिची बाजू घेणार नाही. चूक ती चूक."

"बघा, काय सचोटी!" मालक म्हणाला.

तपासनीस आत चालू लागला. सचोटीची माणसं त्याने पुष्कळ पाहिली होती.

मावशी साठीची. बोटं केमिकलने कायमची राखाडी झालेली. ती तडकलेलीच होती.

"माझं केमिकल सुटलं? अहो, टाइल फुटेल, पण सुटायची नाही! हे बघा."

फळीवर बाटल्यांची झाकणं ओळीने मांडलेली. दरवेळी कालवलं की चमचाभर झाकणात काढून ठेवायचं आणि वर पॅनेलचा नंबर घालायचा, हा तिचा बावीस वर्षांचा नेम. तिने एकेचाळीसचं झाकण पुढे केलं आणि हातोडी दिली.

"ठोका ना. लाजताय काय?"

तपासनीसाने ठोकलं. हातोडीच उडाली.

"पॅनेल करता कसं, मावशी?"

"टाइल्स साच्यात पालथ्या मांडायच्या. तोंड खाली, पाठ वर. पाठीला केमिकल, वर जाळीच्या पत्र्याचा बोर्ड, त्यावर वजन. तीन दिवस हात लावायचा नाही."

"घाई असली तर?"

"तरी तीन दिवस. केमिकल कुणाच्या बापाचं ऐकत नाही."

"पालथ्याच कशाला?"

"साच्याचा तळ सपाट, म्हणून तोंडं एका पातळीत येतात. उताण्या मांडल्या की एक वर, एक खाली. नमुना करताना मांडतात तशा, रंग बघायला. चिकटवतातही ट्यूबमधल्या साध्या गोंदाने, काढता याव्यात म्हणून."

तपासनीसाने पिशवीतून तो कोपरा काढून टेबलावर ठेवला. मावशीने सवयीने त्यावरून हात फिरवला. हात मध्येच थांबला.

मग तिने कोपरा टेबलावर दूर सारला.

"लिहून घ्या साहेब. माझीच चूक. त्या दिवशी डोकं दुखत होतं, माप चुकलं."

"आत्ता तर हातोडी देत होतात!"

"आत्ता आठवलं."

त्याने जबाब लिहून घेतला, तिने सही केली. मन मात्र मानेना.

पॅनेलं भिंतीवर चढवणाऱ्या माणसाला सगळे दोरीवाला म्हणत. तो कारखान्याच्या आवारात रचलेल्या परांचीच्या बांबूंवर बसून तंबाखू मळत होता.

"एकेचाळीसची काय भानगड?"

"भानगड कसली? उद्घाटनाच्या आदल्या दुपारी दोरी घसरली, कोपरा गेला. डिझायनर साहेब म्हणाले, दुरुस्त करून आणतो."

"कधी आणलं?"

"दुसऱ्या दिवशी सकाळी. स्वतःच्या गाडीतून. आम्ही चढवलं आणि परांची उतरवली."

तपासनीस त्याच संध्याकाळी डिझायनरच्या खोलीत गेला. भिंतीशी नमुन्यांची रांग होती. एक पॅनेल सगळ्यांच्या मागे, तोंड भिंतीकडे करून उभं होतं.

सकाळी त्याने तिघांना कारखान्यात बोलावलं. टपालवाला शुद्धीवर आला होता, ही बातमी त्याने आधी सांगितली. मावशीने डोळे मिटून हात जोडले.

"पडलं ते एकेचाळीस नव्हतंच," तपासनीस म्हणाला आणि त्याने डिझायनरच्या खोलीतलं पॅनेल पुढे ओढलं. "खरं एकेचाळीस हे. कोपरा तुटलेला. मागे बिल्ला नाही, रिव्हेट उपटल्याच्या खुणा आहेत. तुमचे बिल्ले रिव्हेटने बसतात. पडलेल्यावर स्क्रू होता."

"मग पडलं ते काय?" मालकाने विचारलं.

"नमुना. कडा हाताला लागतात, म्हणजे टाइल्स उताण्या मांडलेल्या. चार महिने पश्चिमेचं ऊन खाऊन ट्यूबमधला गोंद सुटला, थर वेगळे झाले आणि पॅनेल निखळलं. दुपारी मोडलेलं पॅनेल सकाळी तयार होऊन आलं म्हणे. तीन दिवसांचं काम एका रात्रीत कसं झालं? नमुने कुणाच्या खोलीत? गाडी कुणाची?"

मालक डिझायनरकडे वळला. इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटला होता.

"उद्घाटनाला भिंतीत भोक कसं ठेवणार?" डिझायनर म्हणाला. "दोन दिवसांत बदलणार होतो. पण परांची उतरली. मग रोज उद्या, उद्या..."

"आणि मावशी, तुम्हाला कालच कळलं," तपासनीस म्हणाला. "हात फिरवलात तेव्हा."

"नमुने तो लहानपणापासून तसेच करतो," मावशी हळू म्हणाली. "शेवटची ओळ किंचित तिरकी जाते त्याची."

"आई, मला वाटलं, तुला फार तर कामावरून काढतील," डिझायनर म्हणाला. "तशीही तू दमली आहेस."

मावशीने त्याच्याकडे पाहिलं. मुलावर पहिल्यांदाच तिचा आवाज चढला.

"तुझं पाप मी अंगावर घेतलं, ते माझ्या मनाने. तुला न विचारता. पण तू त्याआधीच ते माझ्या अंगावर टाकून मोकळा झाला होतास. वर दारात सचोटीचा म्हणवून घेतलंस, ते ऐकलं मी! एक माणूस मेला असता रे."



मावशी खुर्ची ओढून तपासनीसासमोर बसली.

"साहेब, कालचा जबाब फाडा. नवा घ्या. सगळं सांगते."

तपासनीसाने कोरा फॉर्म काढला. सव्वीस वर्षांत तो इतका कधी थकला नव्हता. पहिले दोन रकाने त्याने मुकाट्याने भरले. तिसऱ्यापाशी पेन अडलं. पण तो रकाना विचारावाच लागत होता.

"आरोपीशी नातं?"

"आई," मावशी म्हणाली. "लिहा."