मनगटावरचा थेंब

दोघांची पहिली भेट झाली तेव्हा ती कोपरापर्यंत चोथ्यात होती.

रसाच्या कारखान्यामागे एक ट्रॉली उभी असायची. पिळून उरलेल्या द्राक्षांची सालं, देठ, बिया, सगळं त्यात भरायचं आणि खड्ड्यात नेऊन ओतायचं. ती बाह्या सरसावून त्यातून मूठमूठ बिया वेचत होती. इतक्यात मागून आवाज आला.

"बाई, अंगठी पडली का?"

कारखान्याचा फिटर होता. हातात पाना, गालावर ग्रीस.

"अंगठी नाही. बिया हव्यात."

"पेरायला?"

"तेल काढायला. तोंडाला लावायच्या क्रीममध्ये घालतात."

"म्हणजे आम्ही फेकतो ते लोक तोंडाला लावतात?" तो असा काही हसला की तिलाही हसू आवरेना. "मग उद्यापासून ट्रॉली तुमच्या दारात. पण तेल कसं निघतं ते दाखवायचं मला."

आणि खरंच, दुसऱ्या दिवशी ट्रॉली दारात हजर!

दार म्हणजे मावशीची पत्र्याची शेड. मावशीने ती एका हंगामापुरती दिली होती. "जमलं तर शेड तुझी," ती म्हणाली होती, "नाहीतर गुपचूप ताईच्या गावी जायचं आणि नोकरी धरायची. रडायचं नाही." एकच हंगाम! तिने सगळा जीव त्यात ओतला. बिया धुवायच्या, ट्रेमध्ये पसरून वाळवायच्या, घाण्यातून हळूहळू पिळायच्या. घाणा अडकला की फिटर यायचा. नंतर नंतर तर तो न अडकताच यायचा.

या धंद्यात एक गोम असते. दिवसभर चोथ्यात वावरलं की आपलं नाक मरतं, तेल खवट झालं तरी कळत नाही. म्हणून तिचा नियम होता. प्रत्येक खेपेच्या तेलाचा एक थेंब मनगटावर चोळायचा, कारण तेलाचा खरा वास उबदार कातडीवरच येतो, आणि दुसऱ्या कुणाला तरी हुंगायला लावायचा. त्याने होकार दिला, तरच ते तेल मोठ्या पिंपात ओतायचं.

"तुमचं नाक शाबूत आहे ना?" तिने पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"माझं नाक? एक नंबर!"

तो वाकायचा. त्याचा श्वास तिच्या मनगटावर यायचा... मान वर न करता तो जरा जास्तच वेळ घ्यायचा.

"इतका वेळ लागतो?"

"घाईनं काम बिघडतं, मॅडम."

"मग? सांग की—"

"छान आहे," तो म्हणायचा. नेहमी तेच. तुमचं कधी तू झालं, दोघांनाही कळलं नाही. एकदा स्टोव्हवर दूध करपून शेडभर धूर झाला, तरी हा तिच्याकडेच बघत बसलेला. किती गुंतलाय हा, असं वाटून ती दिवसभर गुणगुणत होती. वेडी कुठली.

हंगामाच्या शेवटी क्रीमवाल्या कंपनीला पिंपातलं सगळं तेल गेलं. आठव्या दिवशी ते जसंच्या तसं परत आलं. "झाकण काढल्या काढल्या खवट," फोनवरचा माणूस म्हणाला. "बिया ओल्या राहिल्या असतील. पुन्हा पाठवू नका."

ओल्या बियांची एखादीच खेप असणार. ती वेळेवर बाजूला काढली असती तर बाकीचं तेल वाचलं असतं. तिने फिटरपुढे बाटली धरली.

"याला तू छान म्हणालास?"

तो पांढराफटक पडला.

"मला वास येत नाही," तो म्हणाला. "दोन वर्षांपूर्वी तापात गेला. पहिल्या दिवशी सांगणार होतो, पण तू हात पुढे केलास आणि... सांगितलं असतं तर पुन्हा केला नसतास."

तिला संताप आला, मग हसू आलं. ओरडायलाही अंगात बळ उरलं नव्हतं. मावशीने तिच्या डोक्यावरून हात फिरवला, पण शब्द मागे घेतला नाही. घाण्याला गिऱ्हाईक मिळालं. ताईने नोकरी पक्की केली.

तीन आठवड्यांनी, निघायच्या दिवशी, घाणा खोलायला तोच आला. हे काम दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. एकेक बोल्ट काढून तो फडक्यावर नीट मांडत होता. ती शेजारी बसून बघत राहिली.

"इतके दिवस काय हुंगत होतास मग?"

"काही नाही." त्याने पाना खाली ठेवला. "तुझी नाडी दिसायची. सुरुवातीला शांत असायची. नंतर मी वाकलो की धावत सुटायची. तेवढं तरी खोटं नव्हतं ना?"

"नव्हतं," ती म्हणाली. "माझं प्रेम आहे तुझ्यावर. म्हणून तर तुझ्यावर इतका विश्वास टाकला... आणि म्हणूनच आता इथे राहवत नाही रे."

"मी येऊ तुझ्यासोबत?"

तिने नकारार्थी मान हलवली. "तू छान म्हणालास की मला दर वेळी शंका येईल. तसं नको जगायला."

तो उठला, आणि तिने न ठरवताच त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. तीन आठवडे चोथा नाही, तेल नाही. तिचं मेलेलं नाक परत जागं झालं होतं, हे तिला आत्ता कळलं. ग्रीस, साबण, उन्हात वाळलेला शर्ट. अख्खा हंगाम तो इतका जवळ होता, आणि त्याचा वास तिला आज पहिल्यांदा येत होता.

"काय झालं?" त्याने विचारलं.

"छान आहे," ती म्हणाली, आणि तिला रडू कोसळलं.

गाडी पाचला होती. घाण्याचे चार बोल्ट काढायचे राहिले होते.