पंधरा हजार किलोमीटर, पाच मिनिटं

पुणे ते ब्यूनस आयर्स पाच मिनिटांत, हे आता शेंबडं पोरही सांगायचं. विमानात मास्क लावायचा, डोळे मिटायचे, उघडले की अर्जेंटिना; घड्याळ काही का सांगेना, प्रवाशाला पाचच मिनिटं. ऋजुताही तशीच उतरली. केस ओले, अंगात चढताना घातलेला विमानकंपनीचा कागदी झगा, तोही ओला, आणि फिनेलचा वास. कंपनी त्याला 'स्वागतस्नान' म्हणायची, लोकांना वाटायचं काय थाट आहे.

तिथं राहणारी ताई नुकतीच बाळंत झालेली. "आधी तू जाऊन बघ, झेपण्यासारखं असलं तर मी येते," असं म्हणत आईनं डिंकाचे लाडू दिलेले. विमानात खाणं न्यायला सक्त बंदी, पण सांगलीची माणसं बाळंतिणीकडं रिकाम्या हातानं जातात होय? ऋजुतानं डबा झग्याच्या आत ओढणीनं पोटाला बांधला.

ताईच्या स्वयंपाकघरात उघडला तर डबा चेपलेला. आणि रिकामा.

"पाच मिनिटांत एवढे हादडलेस?" ताई हसली आणि बाळ रडलं म्हणून आत गेली.

ऋजुताला हसू येईना. घसा पार बसलेला. नखांत तूप, तुपात काहीतरी लालसर. डब्याच्या कोपऱ्यात डिंकाला चिकटलेला एक दात. तिनं तोंडात जीभ फिरवली. तिचे सगळे जागेवर होते. शिवाय हा इवलासा होता, दुधाचा.

ती सिंकवर वाकली नि भडाभडा ओकली. ओकारीत खारीक-खोबरं निघालं.

दाजी, म्हणजे ताईचा नवरा, दारातून बघत होते. मेंदूचे शास्त्रज्ञ, त्याच कंपनीत.

"दाजी, खरं सांगा. विमान किती वेळ उडतं?"

"अठरा तास. पहिल्यापासून तेवढेच. अंतर कुठं कमी झालंय?"

"मग मी झोपले होते?"

"जागी होतीस." दाजींनी आवाज खाली आणला. "हे बघ, अनुभव म्हणजे दूध आणि आठवण म्हणजे दही. मास्कमधला वायू, विस्मरी म्हणतो आम्ही, तो विरजणच लागू देत नाही. माणूस बोलतो, भांडतो, रडतो. दही मात्र लागत नाही."

"रडतो कशाला?"

"आधी खुर्च्या होत्या गं. मग कुणीतरी म्हणालं, आठवतच नाही तर खुर्ची कशाला? मग जेवण काढलं. मग पाणी. मग संडास. आता नुसते उभे कोंबतात. वास मारतो म्हणून ते स्नान."

"आणि तुम्ही गप्प?"

"तक्रार करणार कोण? सगळे हसत उतरतात. मीही हसतच उतरलो होतो."

ऋजुता साबणानं हात घासत राहिली. कुणाचं तरी पोर भुकेनं लाडवाला झोंबलं असेल, आणि त्याला आपण... त्या पोरालाही आठवत नसेल. त्याची आई दाताचं विचारेल तेव्हा म्हणेल, पडला कुठंतरी.

तेवढ्यात फोन वाजला. आई.

"पोचलीस होय? त्रास नाही ना झाला? पहिल्यासारखा तासन्‌तासांचा प्रवास काही माझ्या गुडघ्यांना झेपला नसता बाई. पण पाच मिनिटं काय, उभ्यानंसुद्धा येईन. नातू बघितला की मी मोकळी."

ताई बाळाला खांद्यावर घेऊन बाहेर आली होती. डोळे भरलेले. 'हो म्हण, हो म्हण,' मानेनंच सांगत होती.

दाजींनी तोंड फिरवलं.

ऋजुतानं हात नाकाशी नेला. तूप अजून गेलं नव्हतं.

"ये आई," ती म्हणाली. "प्रवासात काही कळत नाही."

मग जरा थांबून म्हणाली, "लाडू तेवढे आणू नकोस."