एकीचा प्रश्न

"तुम्हाला एकीला त्रास होतो का?"

केजच्या स्टँडसमोर, आपल्या कृषी सेवा केंद्राच्या पायरीवर बसलेल्या अमरनाथनं मान वर केली. "आमच्याकडं एकी लई हाय मॅडम. औंदा पंचायत बी बिनविरोध आली."

"ती नाही हो... ही!" रुद्राणीनं करंगळी वर केली, आणि कानापर्यंत लाल झाली. 'लघवी' म्हणायला जीभ रेटेना, म्हणून शाळेतला शब्द काढला, तर ही गत! अमरनाथ पोट धरून हसला. मग तिलाही हसू फुटलं.

काम मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. कपाशीवर फवारायच्या औषधातलं मज्जातंतूंना घातक रसायन मूत्राशयही बिघडवतं का, हे तिला पीएच.डी.साठी शोधायचं होतं. फवारणी करणारे साठजण हवे होते. आठवड्यात बोलले चार; बाकीच्यांनी पोरीचा प्रश्न ऐकून धूम ठोकली.

"माझ्या दुकानात सगळेच येत्यात," अमरनाथ म्हणाला. "मी इचारतो, तुमी लिवा."

आणि त्यानं विचारलं, तेही भर दुकानात. "शहादेवकाका, धार नीट लागती का?" रुद्राणी कागदात तोंड खुपसून लिहायची... नजर चुकवायची, आणि पुन्हा चुकून वर बघायची.

"मला परत न्हाई इचारत?" एकदा अमरनाथनं छेडलं.

"तुम्ही कुठं फवारता?"

"तेवढंच तुमच्या हातानं माझं नाव लिवताल..."

साठ फॉर्म भरले, बेरीज झाली आणि तिची झोप उडाली. उघड्या हातानं फवारणाऱ्यांत त्रास दुप्पट होता. सगळ्यात जास्त त्याच औषधानं, जे अमरनाथच्या दुकानात सगळ्यात जास्त खपत होतं. हा माणूस तिला आवडला होता, आणि त्याच्याच पोटावर पाय द्यायचा होता. दोन दिवस तिनं तोंड उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी एका दमात सांगून टाकलं.

अमरनाथनं फळीकडं पाहिलं. "शहादेवकाकाचा तरास बी त्याच्यानंच?"

"बहुतेक... हो."

त्यानं उठून त्या औषधाचे फळीवरचे खोके खाली उतरवले. "तुमच्या पीएच.डी.च्या सरांना कळवलं?"

"नाही. तुमचं दुकान—"

"दुकान माझं हाय, तसे काका बी माझेच हायत. चला."

शेजारच्या नव्या एसटीडी बूथमध्ये त्यानं स्वतः नंबर फिरवला. तिनं सरांना औषधाच्या नावासकट सगळं सांगितलं. रिसीव्हर ठेवला, तरी तो दारातून हलेना.

"आता दुसरा नंबर सांगा."

"कुणाचा?"

"तुमच्या बाबांचा. पोरगी बघायला कवा यिऊ, इचारतो."

रुद्राणीनं त्याच्याकडे डोळे भरून पाहिलं, आणि एसटीडी कोडापासून सगळा नंबर सांगितला.