मांबेताली-अबांच्या ओठांवरचं पाणी

हसू नकोस, अक्सुलू. भुतांच्या गोष्टी मलाही आवडत नाहीत. एकवीस वर्षं दवाखान्याची गाडी हाकतोय, रात्री-अपरात्री कबरस्तानाला वळसा घालून गेलोय. आडव्या आल्या त्या गाई, भूत कधी आलं नाही. ही गोष्टसुद्धा भुताची आहे की आणखी कशाची, मला ठाऊक नाही. पण उद्यापासून तू मरणाला टेकलेल्या माणसांच्या घरी एकटी जाणार, म्हणून सांगतो. तुम्हीही ऐका रे पोरांनो. चहा ओता आणि तो कंदील इकडे सरकवा. लाईट काही सकाळशिवाय यायची नाही.

तुझ्या आधी या कामावर नर्स बुरुल-एजे होती, सगळ्या गावांची ताईच. हाताला असा गुण, की तिनं अंग पुसलं की ठणकणाऱ्या माणसाला झोप लागायची. पण शिस्तीची कडक. एकदा ठरवलं की ठरवलं. मी तिला चिडवायचो, "घरी नवऱ्यालाही दर दोन तासांनी कुशीवर वळवत असशील." ती म्हणायची, "वळवते तर! तेवढंच घोरणं थांबतं."

तेरेक-सू गावचे मांबेताली-अबा तिचे रुग्ण. जन्मभर मेंढ्या राखलेला माणूस. घशात गाठ झाली होती. पाण्याचा घोट घेतला तरी ठसका लागून निळे पडायचे. म्हणून बुरुलनं त्यांच्या सुनेला, कानिशायला, बजावून ठेवलं होतं, की तोंडानं काही द्यायचं नाही, थेंबसुद्धा नाही. पुढे डॉक्टर म्हणाले, आता आठवडाभराचे सोबती. तरी बुरुलनं तेवढा नियम बदलला नाही. म्हातारा गुदमरून जाईल, याची तिला धास्ती होती.

म्हाताऱ्याची धास्ती वेगळी. आपल्याकडे म्हणतात ते माहीत आहे ना? मरताना घशाला कोरड पडते. आपल्या माणसानं ओठांवर पाणी सोडलं नाही, तर 'तो', सैतान, वाडगा घेऊन येतो. पाणी देतो, आणि बदल्यात अल्लावरचं इमान मागतो. अबांनी एकदा बुरुलचा हात धरला आणि म्हणाले, "पोरी, मरणाला मी भीत नाही. तहानेपायी त्याला हो म्हणून बसेन, याला भितो."

ती म्हणाली, "अबा, त्या वेळी मी असेन. माझ्या हातानं कापूस भिजवून पाणी देईन. हा माझा शब्द."

त्या दिवसापासून म्हातारा बिनघोर झोपायला लागला.

दोन हजार एकोणीस साल. सतरा जानेवारी, गुरुवार. गुरुवार सरून रात्रीचे बारा वाजून दहा मिनिटं झाली, तेव्हा बुरुलचा फोन वाजला. मी शेजारीच दवाखान्यातल्या शेगडीपाशी बसलो होतो, सगळं ऐकू येत होतं. पलीकडे कानिशाय रडत होती.

"एजे, श्वास बदललाय हो. घरघर लागलीय. पाणी पाणी करतायत. दोन थेंब देऊ का?"

बुरुल बोलून गेली, "नको! ठसका लागेल. मी येतेय."

सवय नडली, दुसरं काही नाही. गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत तिला चूक कळली. तिनं परत फोन लावला. लागेना. सबंध वाटेनं लावत राहिली.

बत्तीस किलोमीटर, एरवी पाऊण तासाची वाट. त्या रात्री खिंडीत बर्फाचं वादळ. उतारावर मागचं चाक रुतलं. मी फावडं मारतोय, बुरुल गाडीला खांदा लावून ढकलतेय आणि थोरल्या भावाला सांगावं तसं मला रडत सांगतेय. "जुमादिल-बाइके, ते माझी वाट बघत असतील हो. आणि मीच नको म्हटलं. मीच!" मी खिडकीतून वाकून गाडीतलं घड्याळ बघितलं. एक चाळीस झाले होते.

तीनला दहा कमी असताना पोचलो. त्यांचं कुत्रं वासराएवढं, दर खेपेला माझ्या पँटला झोंबायचं. त्या रात्री ते गवताच्या गंजीत अंग चोरून बसलं होतं. भुंकलंसुद्धा नाही.

दार कानिशायनं उघडलं. घरात तेलाचा वास होता. गुरुवार म्हणून गेलेल्यांच्या नावानं बोर्सोक, कणकेचे तुकडे, तळले होते. तिचं रडणं थांबलं होतं. बुरुलकडे बघून म्हणाली,

"काय एजे, काही विसरलात का?"

"म्हणजे?"

"मघाशी तर गेलात."

 

कानिशाय आमच्या तोंडाकडे बघायला लागली. "तुम्ही आलात ना... मला म्हणालात, तू बाहेर थांब, पाणी मी देते. जुमादिल-बाइकेंना चहा नेऊ का विचारलं, तर नको म्हणालात. ते गाडीतच बसलेले दिसले, खिडकीतून."

मी. गाडीत बसलेला.

मी मागे वळून गाडीकडे बघितलं, खोटं कशाला सांगू.

बुरुल आत धावली. म्हातारा जिवंत होता. डोळे उघडे. घरघर नाही. ठसका नाही. ओठ ओले. हनुवटीवरून ओघळून उशी भिजलेली.

तिनं कापूस भिजवला. 

"अबा, मी आलेय. मी बुरुल."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं... मरणारी माणसं मी पुष्कळ पाहिलीत. ती नजर नाही पाहिली पुन्हा. ते तिला भ्यायले होते. भिंतीकडे सरकू बघत होते. अंगात सरकायची ताकद नव्हती.

तिनं कापूस ओठांशी नेला. त्यांनी दात आवळले.

मग अगदी हळू...

"दिलं ना तुला... आता आणखी काय मागतेस?"

बुरुल इमानाचा कलमा म्हणायला लागली. म्हणा, अबा. माझ्यामागून म्हणा. अबा, एकदाच म्हणा हो...

ओठ हलले.

थांबले.

तीन वाजून पाच मिनिटं.

बुरुलनं त्यांचे डोळे मिटले. शेगडीतलं लाकूड तडकलं.

मग तिनं उशापाशी ठेवलेली रुग्णाची वही ओढली. मरणाची वेळ लिहावी लागते, कोण कुठल्या अवस्थेत असो. तिनं पान उघडलं... आणि वही माझ्या हातात दिली.  पुढे आठवड्याभरात तिनं काम सोडलं. आजही ती कुणाच्या उशाशी बसत नाही.

तिचं अक्षर मी डोळे मिटून ओळखेन. वर्षानुवर्षं तिच्या औषधांच्या याद्या मीच आणायचो. ते अक्षर तिचंच होतं. खाली सही तिचीच.

'१.४०. ओठांवर पाणी दिले. रुग्णाने हो म्हटले.'