ताटावरच्याला विचारा

शाल आणि नारळ देणार म्हणून भागीरथी आक्का मुलाला, दिनकरला घेऊन वैद्यकीय महाविद्यालयात आल्या. वर्गात शिरून बघतात तर समोरच्या खाटेवर त्या स्वतःच खोकत पडलेल्या.

म्हणजे पुतळा होता. रबराची कातडी, वरखाली होणारी छाती. पण खोकला आक्कांचा, आणि खोकून झाल्यावरचं "आई गं"सुद्धा आक्कांचंच. दोन वर्षांपूर्वी हृदयाच्या दुखण्यानं त्या इथंच पडून होत्या, तेव्हा त्यांचं सहा तासांचं बोलणं भरून घेतलं होतं. पोरं शिकतील, म्हणाले होते. पोरांच्या शिक्षणाला आक्का कशा नाही म्हणतील? याच फाटकासमोर चाळीस वर्षं त्यांची खानावळ होती. इथले निम्मे डॉक्टर त्यांच्या भाकरीवर पोसलेले.

"हा आमचा बोलका रुग्ण," वर्गाला शिकवणाऱ्या केळुसकर मॅडम पाहुण्यांना सांगत होत्या. "हृदय बंद पडलं तर छाती दाबून, झटके देऊन ते पुन्हा चालू करायचं की नाही, हे रुग्णाशी आधीच बोलून ठेवावं लागतं. फार अवघड बोलणं. आमचे विद्यार्थी ते याच्यावर शिकतात."

तबस्सुम मुलाणी नावाची विद्यार्थिनी पुढं झाली. "आजी, जेवलात का?"

"दोन घास," पुतळा म्हणाला.

मग ती खाटेशेजारच्या रिकाम्या खुर्चीकडं वळली. ती रुग्णाच्या मुलाची खुर्ची. "दादा, जरा बाहेर येता का?" दाराबाहेर भिंतीवर एक पेटी होती, तिच्यातून मुलाचा आवाज यायचा. त्या पेटीशी ती दोन मिनिटं दबक्या आवाजात बोलली, आणि आत येऊन म्हणाली, "आजी, घरच्यांशी बोललेय. चालेल ना?"

"पोरं म्हणतील तसं," पुतळा म्हणाला.

हिरवा दिवा. दहापैकी दहा. टाळ्या.

आक्का काठी टेकत उठल्या. "ए पोरी! हे मी कधी म्हटलं?"

मॅडम लगबगीनं आल्या. "आक्का, आवाज तेवढा तुमचा. उत्तरं नाहीत. चाळीस हजार वयस्कर रुग्णांची बोलणी या यंत्राला शिकवलीत. तुमच्या वयाची, तुमच्या दुखण्याची बाई काय म्हणेल, ते यंत्र काढतं. इच्छानुमान म्हणतात त्याला."

"चाळीस हजार माणसं भात खातात, म्हणून साखरेचं दुखणं असलेल्याच्या ताटात बी मी भाताचा ढीग घालायचा व्हय?"

वर्ग हसला. मॅडमही हसल्या. आक्का हसल्या नाहीत.

"आणि माझ्या खऱ्या कागदावर काय लिवलंय?"

तबस्सुमनं हातातल्या संगणकाच्या पाटीवर नाव शोधलं. वाचता वाचता तिचा आवाज उतरला. "पुनरुज्जीवन: नको. आधार: इच्छानुमान. दुजोरा: मुलगा."

म्हणजे आज, इथं, या क्षणी आक्कांचं हृदय थांबलं असतं, तर इतक्या डॉक्टरांतल्या एकानंही हात लावला नसता.

"दिन्या?"

दिनकर घामाघूम झाला. "आई, त्यांचं विचारणं फोनवर आलं होतं. मी 'बरोबर'चं बटण दाबलं. म्हटलं, तुला कशाला सांगायचं, उगाच घाबरशील."

"मरणार मी, आणि बाहेर बोलवत्यात तुला!" काठी फरशीवर आपटली. "तुझ्या बापाच्या वेळी बी असंच. मला दाराबाहेर नेलं, मी 'हो' म्हणून मुंडी हलवली. चार दिवस नळ्या घालून ठेवलं त्यांना. बोलता येत नव्हतं, नुसते माझ्याकडं बघत होते. त्यांना काय पायजे होतं, ते मला अजून ठाऊक न्हाई." मग त्या मॅडमकडं वळल्या. "चाळीस वर्षं मी 'वाढू का?' असं ताटावर बसलेल्यालाच विचारलं. कधी शेजारच्या पाटावरच्याला विचारलं का गं? तू बी जेवलीस की माझ्याकडं!"

मॅडम तबस्सुमकडं वळल्या. "तबस्सुम, ती नोंद पूस."

तबस्सुमनं नोंद पुसली आणि स्टूल ओढून ती आक्कांच्या गुडघ्याशी बसली. दिनकर सवयीनं दाराकडं निघाला होता. "तुम्ही इथंच बसा दादा," ती म्हणाली. मग आक्कांना म्हणाली, "आक्का, तुमचं हृदय थांबलं तर छाती दाबून ते चालू करायचा प्रयत्न करू का? बरगड्या मोडतील. वाचालही कदाचित. कदाचित नुसत्या मशीनवर पडून राहाल, त्यातून सुटका होणार नाही. तुम्हाला काय हवंय?"

आक्कांनी तोंड उघडलं. मिटलं. भांडण तयार होतं, उत्तर नव्हतं. वर्ग गप्प झाला. इतका, की खाटेवरच्या पुतळ्याला वाटलं, आपल्यालाच विचारलंय.

"पोरं म्हणतील तसं."

पाटीवर अक्षरं उमटली: आवाज जुळला. रुग्णाचं उत्तर नोंदवलं.

"उपट त्या भवानीची वायर!" आक्का कडाडल्या.

तबस्सुमनं वायर उपटली. पुतळ्याची छाती अर्ध्या श्वासावर थांबली. तिनं नोंद पुन्हा पुसली, पुन्हा स्टुलावर बसली, पुन्हा तोच प्रश्न तसाच विचारला.

आक्का थांबलेल्या त्या छातीकडं बघत राहिल्या. मग दिनकरकडं. मग स्वतःच्या हातांकडं. खोलीतल्या एकालाही, आणि कुठल्याही यंत्राला, आता उत्तर ठाऊक नव्हतं.

"परत विचार," आक्का हळूच म्हणाल्या. "सावकाश. इतक्या वर्षांत मला कुणी विचारलंच न्हाई गं. पहिल्याच खेपेला कसं सांगू?"