आईच्या चालीनं

भर बाजारात, दिवसाढवळ्या, चष्मेवाल्याने तिच्या सायकलचं हँडल धरलं.

"हा पायी चालणाऱ्यांचा रस्ता आहे, सायकल हातात धरून न्या!"

"हँडल सोडा. पेटीत सहा जणांचं रक्त आहे."

"आणि समोरून चालणाऱ्यांच्या अंगात काय पाणी आहे?"

ती हसली. बस्स... तिथेच गडी कामातून गेला. पण कबूल करेल तर शपथ!

दवाखान्यांतून रक्ताचे नमुने गोळा करून वेळेत प्रयोगशाळेत पोचवायचे, हे तिचं काम. आणि हा? चष्म्याचं दुकान याच पादचारी रस्त्यावर, पण स्वतः हाडाचा सायकलवाला. सायकल मंडळाचा चिटणीस! मात्र गेल्या वर्षी एका सायकलवाल्याने इथेच त्याच्या आईला धडक दिली, तिचं मनगट मोडलं, आणि याचं डोकं फिरलं. मंडळात उभी फूट पडली. निम्मे म्हणत, सावकाश चालवू द्या. निम्मे म्हणत, उतराच. बंदी मागणारं पत्र पालिकेला जायचं होतं, फक्त चिटणिसाची सही बाकी होती.

पुढच्या आठवड्यात मंडळाच्या बैठकीत ती, मंडळाची नवी सभासद, उभी राहिली.

"करा सही. मग मी ट्रकच्या रस्त्याने जाईन. मागच्या महिन्यात तिथे एका ट्रकचा आरसा खांद्याला घासून गेला... बाकी काही नाही."

चष्मेवाल्याने पेनाला टोपण परत लावलं. पण जीभ कुठली ऐकतेय!

"माझ्या आईच्या चालीनं चालवून दाखवा. अख्खा रस्ता. पाय टेकला, की मी सही करणार."

"आणि नाही टेकला तर?"

त्याने पत्राची घडी करून खिशात ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती रिकामी पेटी घेऊन हजर. आई काठी टेकत निघाली, शेजारून तिची सायकल. आईची चाल म्हणजे काय सांगावं, गोगलगायसुद्धा "या, पुढे व्हा" म्हणेल! वर आई मुद्दाम थांबली, चपलांच्या दुकानाची काच न्याहाळत. चष्मेवाल्याने श्वास रोखला. सायकल जागच्या जागी उभी! पुढचं चाक बोटभर इकडे, बोटभर तिकडे... तिचे पाय पॅडलवर, ओठ दातांत, नजर आईच्या काठीवर. इतकं सुंदर काही त्याने आजवर पाहिलं नव्हतं. दुकानदार शटर अर्धी उघडी ठेवून बघत राहिले. सुरुवातीला सायकलपासून अंग चोरून चालणाऱ्या आईने मध्येच हात पुढे केला आणि कॅरियर धरलं. चष्मेवाल्याचे डोळे भरून आले.

रस्ता संपला. पाय टेकला नव्हता.

"आता बोला, चिटणीस."

"तुम्हाला येतं. मंडळातल्या बाकी चाळीस जणांचं काय?"

"मी शिकवते. ज्याला ही चाल जमेल त्याने चालवावी, नाही जमणार त्याने उतरून हातात धरावी. लिहा तसं."

"लिहितो. पण सगळे म्हणतील, चिटणीस विरघळला."

"विरघळलात का?"

तो नुसता चष्मा पुसत राहिला. शेवटी आईच वैतागली. "अगं, रोज तुझ्या वेळेला हा दुकानाबाहेर काच पुसत उभा असतो. ती काच मी आधीच पुसलेली असते!"

"आई!"

"आई काय? बोल की!"

"मला... तुम्ही फार आवडता," तो म्हणाला. "त्या ट्रकच्या रस्त्याचं ऐकल्यापासून मला झोप नाही."

ती लाजली, पेटीचा पट्टा उगाच घट्ट केला. "निघते. दवाखान्यात नमुने खोळंबलेत."

"उद्या याच वेळेला जाल ना इथून?"

"उद्या मला सुट्टी आहे."

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. तिने पॅडल मारलं, चार हात पुढे गेली आणि मान वळवून म्हणाली,

"म्हणून चालत येईन."